साखर, घड्याळ आणि नोंदवही

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गळिताचा हंगाम सुरू झाला की रस्तोरस्ती उसाच्या गाड्या दिसू लागतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या आवारात बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. कोयत्याने तोडलेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत काही तास जातात, कधी एक दिवस जातो, कधी त्याहूनही जास्त. तेवढ्या वेळात उसाचे वजन घटते हे सगळ्यांनाच ठाऊक असते. पण त्याच वेळी कांड्यांच्या आत एक रासायनिक अभिक्रिया चालू असते. तिला वास नाही, रंग नाही, बुडबुडे नाहीत. उसातल्या साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, एक रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन फुटतो आणि त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन रेणू होतात. या दोन्ही साखरा गोडच असतात, परंतु कारखान्यात त्यांचे स्फटिक होत नाहीत. त्या मळीबरोबर निघून जातात.

कारखान्यात रस काढल्यावर त्यात चुना घालतात, तोही बऱ्याच अंशी याच अभिक्रियेच्या भीतीने. उसाचा रस किंचित आम्ल असतो, आणि आम्ल रस तसाच उकळला तर साखर झपाट्याने फुटते. गुऱ्हाळावर गूळ करणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. फुटलेली साखर जास्त असलेला गूळ पावसाळ्यात हवेतले पाणी ओढून घेतो आणि पाझरू लागतो.

या अभिक्रियेविषयी आम्ही येथे लिहीत आहोत याचे कारण वेगळे आहे. रासायनिक अभिक्रियेचा वेग माणसाने पहिल्यांदा नीट मोजला, आकड्यांत मांडला आणि गणिताच्या सूत्रात बसवला, तो याच अभिक्रियेचा. त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत हीच साखर पुन्हा पुन्हा प्रयोगशाळेत आली, आणि दर वेळी कोणीतरी दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या आकड्यांवर पुढचे काम उभे राहिले. शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात आपण अभिक्रियेच्या वेगाचा प्रयोग करून घेतो, तेव्हा नोंदी कशा कराव्यात हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो. या साखरेचा इतिहास पाहिला तर तो तसा वाटत नाही.

प्रथम एक अडचण लक्षात घेऊ. रंग बदलत नाही, वायू निघत नाही, तर साखर किती उरली हे कळायचे कसे? दर दहा मिनिटांनी थोडे द्रावण काढून त्याचे पृथक्करण करावे, तर पृथक्करण होईपर्यंत अभिक्रिया पुढे गेलेली असते. ही अडचण प्रकाशाने सोडवली. १८१५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ बियो यांना असे आढळले की साखरेच्या द्रावणातून ध्रुवीकृत प्रकाश गेला की त्याचे प्रतल फिरते. सुक्रोज ते उजवीकडे फिरवते. सुक्रोज फुटून झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचे मिश्रण ते डावीकडे फिरवते. म्हणजे अभिक्रिया पुढे सरकते तसा कोन उजवीकडून शून्यावर येतो आणि शून्य ओलांडून डावीकडे जातो. दिशा उलटते म्हणूनच या अभिक्रियेला साखरेचे 'इन्व्हर्शन', आपल्याकडे व्यस्तीकरण, हे नाव पडले. भांड्याला हात न लावता, द्रावणाचा थेंबही न काढता, नुसते नळीतून पाहून साखर किती उरली हे सांगता येऊ लागले.

आपल्या कारखान्यांच्या प्रयोगशाळेत आजही हेच तत्त्व वापरतात. रस स्वच्छ करून नळीत भरतात आणि ध्रुवणमापीवर त्याचे 'पोल' पाहतात. दुसरे मापन 'ब्रिक्स', म्हणजे रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ किती. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की रसाची शुद्धता निघते. येथे एक गंमत आहे, आणि ती वर्गात सांगण्यासारखी आहे. शेतात वापरायचा हातातला छोटा यंत्र-दुर्बिणीसारखा ब्रिक्समापक घेऊन तोडून ठेवलेला ऊस रोज तपासला, तर ब्रिक्सचा आकडा कमी होत नाही, उलट वाढतो. पाणी उडाल्याने रस दाट होतो, आणि शिवाय साखर फुटताना पाण्याचा रेणू तिच्यात सामील होतो, म्हणून ३४२ ग्रॅम सुक्रोजचे ३६० ग्रॅम फुटीर साखर होते. ज्याच्या वहीत फक्त ब्रिक्सचा रकाना आहे त्याला ऊस सुधारत चालला आहे असेच दिसेल. शेजारी पोलचा रकाना असेल तरच साखर जात आहे हे कळते. आकडा बरोबर, यंत्र बरोबर, वाचणारा प्रामाणिक, आणि निष्कर्ष साफ उलटा. आपण काय मोजतो आहोत आणि आपल्याला काय हवे आहे हे वहीत वेगवेगळे लिहिण्याची गरज येथून सुरू होते.

आता १८५० सालाकडे वळू. लुडविग विल्हेल्मी हे तेव्हा जर्मनीत हायडलबर्ग येथे शिकवीत होते. साखरेच्या द्रावणात आम्ल घातले की साखर फुटते हे आधीच माहीत होते. विल्हेल्मी यांनी विचारले ते असे, की दर मिनिटाला किती फुटते, आणि हे प्रमाण कशावर ठरते? त्यांनी द्रावण नळीत ठेवले आणि ठरावीक वेळांनी कोन वाचून लिहिला. त्यांच्या एका प्रयोगातील काही आकडे असे आहेत. डावीकडे वेळ मिनिटांत, उजवीकडे वलनाचा कोन अंशांत.

० — ४६.७५
३० — ४१.००
६० — ३५.७५
९० — ३०.७५
१२० — २६.००
१५० — २२.००
२१० — १५.००
३३० — २.७५
५१० — उणे ७.००
६३० — उणे १०.००
अखेर — उणे १८.७०

हा तक्ता फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना दोन मिनिटे नुसता पाहू द्यावा. पहिल्या अर्ध्या तासात कोन ५.७५ अंशांनी बदलला, दुसऱ्या अर्ध्या तासात ५.२५ ने, तिसऱ्यात ५.०० ने, चौथ्यात ४.७५ ने. अगदी शेवटी, ५१० ते ६३० या दोन तासांत मिळून, फक्त ३ अंशांचा बदल. अभिक्रिया मंदावत जाते हे डोळ्यांना दिसते. पण कोणत्या नियमाने मंदावते?

त्यासाठी शेवटची ओळ लागते. अभिक्रिया पूर्ण झाली तेव्हा कोन उणे १८.७० होता. म्हणजे सुरुवातीला अजून ६५.४५ अंशांचा प्रवास बाकी होता. अर्ध्या तासाने ५९.७० बाकी, एका तासाने ५४.४५, दीड तासाने ४९.४५, दोन तासांनी ४४.७०, अडीच तासांनी ४०.७०. आता प्रत्येक आकड्याला आधीच्या आकड्याने भागा. उत्तरे येतात: शेकडा ९१.२, ९१.२, ९०.८, ९०.४, ९१.१. दर अर्ध्या तासाला, जेवढी साखर शिल्लक असेल तिच्यापैकी शंभरातले सुमारे ९१ भाग उरतात. किती शिल्लक आहे यावर किती फुटणार हे ठरते. लॉगरिथम न शिकलेल्या नववीतल्या मुलालाही हे भागाकाराने करता येते. विल्हेल्मी यांनी हेच विकलक समीकरणाच्या रूपात मांडले, आणि रासायनिक अभिक्रियेच्या वेगासाठी लिहिलेले ते पहिले समीकरण मानले जाते.

हे सारे गणित एका ओळीवर टेकलेले आहे, आणि ती ओळ मिळवायला सर्वांत जास्त धीर लागतो. दहा-साडेदहा तास वाचने घेतल्यावरही ६३० मिनिटांच्या वाचनात ८.७० अंश बाकीच होते. अखेरचा आकडा त्याच्याही पुढचा. आपल्याकडे प्रयोग तासिकेच्या घंटेबरोबर संपतो, आणि 'अखेरचे वाचन' हा रकाना बहुतेक वेळा नसतोच.

तक्त्यात आणखी एक गोष्ट आहे. अखेरची ओळ सोडली तर प्रत्येक आकडा .००, .२५, .५० किंवा .७५ ने संपतो. याचा अर्थ सरळ आहे: पाव अंशापेक्षा बारीक वाचता येत नव्हते, आणि म्हणून बारीक लिहिले नाही. आज विद्यार्थ्याच्या हातात मोबाइलमधले घड्याळ असते, ते सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते, आणि वहीत '४७.३८ सेकंद' असा आकडा उतरतो. फुली दिसेनाशी झाली हे ठरवायला डोळ्यालाच एक-दोन सेकंद लागतात. मग ते .३८ कोणाचे? ते घड्याळाचे आहे, अभिक्रियेचे नव्हे. विल्हेल्मी यांच्या तक्त्यातला पाव अंश त्यांच्याविषयी जे सांगतो ते कोणत्याही प्रस्तावनेतून सांगता आले नसते.

आणि हा तक्ता निर्दोष नाही, हेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक वाचनावरून वेगाचा स्थिरांक काढला तर तो सुरुवातीला मिनिटाला सुमारे ०.००३०७ येतो, दोन तासांनी ०.००३१८, ३३० मिनिटांना ०.००३३८, आणि शेवटी पुन्हा ०.००३२०. शेकडा दहाच्या आसपास चढउतार आहे. खोली मध्ये थोडी गरम झाली असेल का, असा प्रश्न मनात येतो. उत्तर काहीही असो, हा प्रश्न आपण आज विचारू शकतो तो कोन आणि वेळ जसेच्या तसे छापले म्हणून. 'स्थिरांक सरासरी ०.००३२' एवढेच त्यांनी छापले असते तर विचारायला काही उरलेच नसते.

विल्हेल्मी यांच्या या कामाकडे पुढे तीस-चौतीस वर्षे जवळजवळ कोणी पाहिले नाही. रसायनशास्त्रज्ञांना तेव्हा नवनवे पदार्थ तयार करण्यात रस होता, वेगाचे गणित कोणाला हवे होते! १८८४च्या सुमारास विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी निरनिराळ्या आम्लांचे बळ ताडून पाहण्यासाठी साखरेचे व्यस्तीकरण हाताशी धरले, आणि विल्हेल्मी यांचा जुना निबंध पुन्हा उजेडात आला. विल्हेल्मी १८६४ सालीच वारले होते. त्यांना विचारायला जाणे शक्य नव्हते आणि त्याची गरजही पडली नाही.

पाच वर्षांनी, १८८९ साली, स्वांते अर्हेनियस यांचा तापमान आणि वेग यांच्या संबंधावरचा निबंध आला. बारावीच्या पुस्तकात जे अर्हेनियसचे समीकरण आपण शिकवतो त्याचा उगम तो. त्या निबंधाचे शीर्षक आम्लांनी होणाऱ्या साखरेच्या व्यस्तीकरणाविषयीच आहे. त्याचा पाया मुख्यतः इतरांनी आधी छापलेल्या मापनांचा होता. उरेख, स्पोर अशा लोकांनी वेगवेगळ्या तापमानांना घेतलेली मापने अर्हेनियस यांनी एकत्र ठेवली आणि त्यांतला समान धागा शोधला. ज्यांनी ती मापने केली त्यांना हे समीकरण सुचलेले नव्हते. पण तापमानाचा रकाना त्यांनी भरलेला होता.

तापमानाच्या रकान्याचे महत्त्व आपल्या भागात तर फारच आहे. आम्लाने होणाऱ्या व्यस्तीकरणासाठी अर्हेनियसच्या समीकरणाने हिशेब केला, तर १५ अंश सेल्सियसला असलेला वेग ३५ अंशांना सुमारे अठरा पट होतो. थंड देशातल्या १५ अंशांच्या खोलीत जी साखर अर्धी व्हायला साडेतीन तास लागतात, तीच बारामतीच्या उन्हाळ्यातल्या प्रयोगशाळेत अकरा-बारा मिनिटांत अर्धी होईल. डिसेंबरातल्या सकाळच्या तुकडीची आणि मार्चमधल्या दुपारच्या तुकडीची वाचने शेजारी शेजारी ठेवली, आणि वहीत तापमान नसले, तर त्या दोन तुकड्यांनी एकच प्रयोग केला हे कोणी म्हणणार नाही. सगळ्याच अभिक्रिया इतक्या तापट नसतात. थायोसल्फेट आणि आम्लाच्या शालेय प्रयोगात दहा अंशांना साधारण दुप्पट असा ढोबळ नियम धरला, तर एका अंशाने वेग शेकडा सातने बदलतो. वर्गात दोन गटांची उत्तरे सातआठ टक्क्यांनी वेगळी आली की आपण 'चूक' म्हणून मोकळे होतो. खिडकीजवळचा गट आणि कपाटाजवळचा गट एवढाच फरक असू शकतो.

नोंदीच्या पद्धतीतच ज्यांची प्रतिभा दिसली असे आणखी दोघे म्हणजे ऑक्सफर्डचे व्हर्नन हारकोर्ट आणि विल्यम एसन. हारकोर्ट रसायनशास्त्रज्ञ, एसन गणिती. १८६०च्या दशकात त्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडाइड यांच्या अभिक्रियेचा वेग मोजला. त्यांची युक्ती अशी: द्रावणात स्टार्च आणि थायोसल्फेटचा एक मोजका भाग घालून ठेवायचा. तयार होणारे आयोडिन थायोसल्फेट खाऊन टाकते, तोवर द्रावण रंगहीन. थायोसल्फेट संपले की द्रावण एकदम निळे. त्या क्षणाची वेळ लिहायची आणि लगेच थायोसल्फेटचा तेवढाच दुसरा भाग टाकायचा. पुन्हा रंगहीन, पुन्हा निळे, पुन्हा वेळ. वहीत काय उतरते? फक्त घड्याळातल्या वेळा, एकाखाली एक. वजाबाक्या नंतर. आपल्या 'आयोडिनच्या घड्याळा'च्या प्रयोगाचा पूर्वज हा.

शाळेतल्या नोंदीची खरी गोम येथे आहे असे आम्हांला वाटते. वेग हा कधीच 'दिसत' नाही. दिसतो तो कोन, रंग, पातळी, वजन, आणि घड्याळाचा काटा. वेग हा त्यांतून काढलेला. तरीही आपल्या प्रयोगवहीतल्या तक्त्यात पहिले पान उलटताच 'वेग' किंवा '१/वेळ' असा रकाना असतो, आणि विद्यार्थी वेळ कच्च्या कागदावर लिहून, भागाकार करून, उत्तर पक्क्या वहीत उतरवतो. कच्चा कागद केराच्या टोपलीत जातो. जे पाहिले ते टाकले आणि जे काढले ते ठेवले. भागाकार चुकला असेल तर तो सापडण्याची वाटही त्याच टोपलीत गेली.

थायोसल्फेटच्या प्रयोगाचेच पाहा. कागदावरच्या फुलीवर शंकूपात्र ठेवतात, आम्ल ओततात, गंधकाच्या गढूळपणाने फुली दिसेनाशी होईपर्यंत वेळ मोजतात. येथे न लिहिल्या जाणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. घड्याळ केव्हा सुरू केले, आम्ल ओतायला लागल्यावर की ओतून झाल्यावर? फुली पाहणारा मुलगा प्रत्येक वेळी तोच होता का? फुली पेन्सिलीची होती की शाईची? पात्र तेच धुऊन वापरले असेल तर त्याच्या काचेला आधीच्या गंधकाचा पांढरा थर होता का? प्रत्येक वेळी एकूण आकारमान सारखे होते का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण द्रावणाची उंची वाढली की तेवढ्याच गढूळपणाने फुली लवकर झाकते. यांपैकी प्रत्येक गोष्ट एका ओळीत लिहिता येते. उत्तर 'आदर्श' असण्याची गरज नाही. 'ओतून झाल्यावर घड्याळ सुरू केले' एवढे वाक्य पुरते, मग सर्व गटांनी तसे केले असो वा नसो.

प्रत्येक संहतीला तीन वेळा प्रयोग केला, आणि ४२, ४४ व ५८ सेकंद आले, तर काय लिहायचे? तिन्ही लिहायचे. ५८ वर बारीक रेघ मारून 'पाहणारा बदलला' असे कारण माहीत असल्यास शेजारी लिहायचे. खोडरबर वापरायचे नाही. आमच्या पाहण्यातली सर्वांत सुबक प्रयोगवही बहुतेक वेळा सर्वांत कमी विश्वासाची असते: सगळे बिंदू रेषेवर, एकही खाडाखोड नाही. अशी वही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरलेली असते हे शिक्षकांना कळते, विद्यार्थ्यांना आपल्याला कळले हेही कळते, आणि तरी गुण मिळतात. यात दोष मुलांचा कमी आहे. 'बरोबर उत्तरा'ला गुण आणि वाचनाला शून्य अशी रीत असेल तर शहाणे मूल दुसरे काय करील?

बारामती-इंदापूरच्या वर्गात बसलेल्या कितीतरी मुलांच्या घरचे उत्पन्न अशाच एका आकड्यावर टेकलेले असते. उसाला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर साखरेच्या उताऱ्याशी जोडलेला आहे. उताऱ्याचा हिशेब शेवटी काट्यावरच्या वजनांच्या आणि प्रयोगशाळेतल्या वाचनांच्या नोंदींवर होतो. कोणी, केव्हा, कशाचा नमुना घेतला, तो किती वेळ ठेवला, ही वाद होतात तेव्हा विचारली जाणारी माहिती असते. जर्नलमध्ये वाचन घडवून लिहिणे किरकोळ आहे, असे या मुलांना आपण कोणत्या तोंडाने शिकवणार?

या परिसरातली आणखी एक जुनी नोंद येथे आठवते. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पाणी आले, ऊस आला. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर तर १९३०च्या दशकात साखर कारखान्याभोवतीच उभे राहिले. पाण्यापाठोपाठ काही जमिनी खारावू लागल्या. १९१० साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवरची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फे प्रसिद्ध केली. जमीन किती वेगाने बिघडते किंवा सुधारते हाही वेगाचाच प्रश्न आहे, फक्त घड्याळाऐवजी वर्षे मोजायची. त्याला पहिले वाचन लागते, आणि ते मागाहून घेता येत नाही.

साखरेकडे परत येऊ. तोडलेल्या उसात साखर फुटते ती केवळ आम्लाने नव्हे. उसातलेच इन्व्हर्टेज नावाचे विकर आणि तोडलेल्या टोकांतून शिरणारे जिवाणू हे मोठे काम करतात. याच विकरावर, यीस्टपासून काढलेल्या इन्व्हर्टेजवर, १९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन यांनी प्रयोग केले. साधन पुन्हा ध्रुवणमापीच. विकरांच्या वेगाचे जे समीकरण आज जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे ते त्यांच्या नावाने ओळखले जाते.

त्यांच्या कामात नोंदीच्या दृष्टीने एक बारीक काळजी होती. सुक्रोज फुटल्यावर तयार झालेले ग्लुकोज लगेच आपला कायमचा कोन दाखवत नाही. काही काळ ते स्वतःच रूप बदलत असते आणि कोन हळूहळू सरकत राहतो. ताबडतोब वाचले तर साखर फुटण्याचा आणि ग्लुकोज स्थिरावण्याचा असे दोन बदल एकाच आकड्यात मिसळतात. मायकेलिस आणि मेंटेन ठरलेल्या वेळी थोडे द्रावण काढून त्यात अल्क घालत. अल्काने विकर थांबते आणि ग्लुकोज झटकन स्थिरावते. मग वाचन. म्हणजे वहीतली वेळ अभिक्रिया थांबवल्याची, वाचल्याची नव्हे. हा फरक त्यांनी पाळला आणि आधीच्या काही लोकांनी पाळला नव्हता.

२०११ साली केनेथ जॉन्सन आणि रॉजर गूडी यांनी त्या जर्मन निबंधाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, आणि त्याबरोबर निबंधात छापलेली वेळ व कोनाची मूळ वाचने संगणकात घालून नव्याने हिशेब केला. हाताने, आलेख काढून, १९१३ साली काढलेला स्थिरांक आणि संगणकाने काढलेला स्थिरांक अगदी जवळचे निघाले. अठ्ठ्याण्णव वर्षांनी एखाद्याची प्रयोगवही तपासली जाणे आणि तीत उत्तीर्ण होणे! संगणक नसताना त्यांनी केलेले गणित कौतुकाचे आहेच, पण ते तपासता आले याचे श्रेय तक्त्यांना आहे.

विल्हेल्मी यांचा प्रयोग शाळेत करता येईल का? थोड्या खटपटीने येतो, आणि थायोसल्फेटपेक्षा त्यात पाहण्यासारखे जास्त आहे. पोलरॉइडचे दोन तुकडे लागतात. निकामी झालेल्या एलसीडी पडद्यावरून किंवा पोलरॉइड चष्म्यातून मिळतात. एक तुकडा दिव्यावर, त्यावर सपाट बुडाचे उंच काचपात्र, वर दुसरा तुकडा, आणि त्याला चिकटवलेला काटा एका कोनमापकावर फिरेल अशी रचना. दिव्यावर रंगीत पारदर्शक कागद लावावा, कारण वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश वेगवेगळा फिरतो. पांढऱ्या प्रकाशात पूर्ण अंधार होतच नाही. प्रथम नुसते पाणी भरून सर्वांत अंधाराची जागा पाहावी आणि लिहावी. हा शून्याचा आकडा. तो कोनमापकावरच्या शून्यावर आला नाही तरी बिघडत नाही, लिहिला नाही तर बिघडते.

१०० मिली द्रावणात २५ ग्रॅम साखर असेल आणि स्तंभाची उंची २० सेंटिमीटर असेल, तर पिवळ्या प्रकाशात सुमारे ३३ अंश उजवीकडे वलन मिळते. साखर पूर्ण फुटली की ते सुमारे १० अंश डावीकडे जाते. त्रेचाळीस अंशांचा हा प्रवास साध्या कोनमापकावरही एकेका अंशाने वाचता येतो. हायड्रोक्लोरिक आम्ल शिक्षकांनीच मिसळावे, आणि आम्ल मिसळल्यानंतरचे एकूण आकारमान १०० मिली धरावे. उन्हाळ्याच्या दिवसांत, आम्ल पुरेसे असेल तर, जोडतासिकेत बराचसा बदल दिसतो. दोन मुलांनी आळीपाळीने न बोलता वाचावे आणि आपापल्या वहीत लिहावे. दोघांच्या आकड्यांतला फरक हाच त्या यंत्राचा 'पाव अंश'. तो एक असेल, दोन असेल, जो असेल तो. वहीत रकाने पाच पुरेत: घड्याळातली वेळ, द्रावणाचे तापमान, कोन, वाचणाऱ्याचे नाव, शेरा. आम्ल मिसळल्यापासूनची मिनिटे, शिल्लक कोन आणि वेग हे सगळे त्याच वहीच्या समोरच्या पानावर, घरी बसून.

अखेरचे वाचन दुसऱ्या दिवशी घ्यावे लागते. द्रावण फेकून न देता घट्ट बुचाच्या बाटलीत, पाणी उडणार नाही असे, कपाटात ठेवावे, आणि बाटलीवर चिठ्ठी लावावी: तारीख, आम्ल मिसळल्याची वेळ, तेव्हाचे तापमान, आणि गटाचे नाव. सकाळी प्रार्थनेच्या आधी कोणीतरी येऊन तो एक कोन वाचावा.